मित्र ताऱ्यावरून येणारे शत्रू

मा. संपादक साहेब,

तुमच्या पेपरात मालिकांच्या पुढच्या भागात काय होणार ते छापून येतं, माझी आई तर हेडलाईनच्या आधी तेच वाचते, पण आमच्या घरात ज्या मालिकेच्या पुढच्या भागांची सगळ्यात जास्त वाट बघतायत तिच्याबद्दल एक ओळ पण दिसली नाही म्हणून हे पत्र. नेटफ्लिक्सवरची थ्री बॉडी प्रॉब्लेम, म्हणजे तीन सूर्यांच्या गोंधळात सापडलेले परग्रहवाले आपली पृथ्वी घ्यायला निघतात त्याची गोष्ट. 21 मार्च 2024 ला पहिल्या सीझनचे 8 भाग एकदम आले आणि आम्ही तीन रात्रीत संपवले, पुढचे सीझन करणार हे पण त्यांनी जाहीर केलंय, तेव्हापासून माझी नववीतली मुलगी एकच विचारते, त्यातल्या विलचं काय होणार. त्याचा गोठवलेला मेंदू त्या शत्रूंच्या दिशेने अवकाशात पाठवतात, वाटेत ओळीने ठेवलेले 300 अणुबॉम्ब एकामागून एक फुटून शिडाला ढकलणार असतात आणि मध्येच दोर तुटतो अन् यान भलतीकडेच जातं. ती म्हणते त्याला ते परग्रहवालेच उचलतील. मला मात्र सॉलची काळजी आहे, शत्रूला थोपवायचा प्लॅन ज्यांच्यावर सोपवलाय त्यातला तो एक, कारण शत्रूला आपलं बोलणं लिहिणं सगळं कळतं, फक्त मनातलं कळत नाही, म्हणून त्याने प्लॅन मनातच ठेवायचा. आता माणसाचं नुसतं विचार करणं पडद्यावर कसं दाखवणार? तिथे घाई करून मारामारी घुसवली तर माझा जीव हळहळेल.

पाचव्या भागात ते परग्रहवाले सगळ्या स्क्रीनवर दाखवतात ना की तुम्ही किडे आहात, आणि मग शेवटच्या भागात तो पोलीसवाला म्हणतो किड्यांना अजून कोणी हरवलेलं नाही, ते माझ्या भावाला लगेच पटलं. दिंडोरीला त्याची द्राक्षबाग आहे, थ्रिप्स आणि मिलीबगसाठी फवारण्या करून करून माणूस थकतो पण कीड पुढच्या वर्षी हजर.

मूळ चिनी कादंबरीत हे लोक अल्फा सेंटॉरीवरून निघतात, म्हणजे आपल्या मराठीतला मित्र तारा! मे महिन्यात रात्री साडेदहाला भावाच्या गच्चीवरून आम्ही तो बघितला, अगदी दक्षिणेला, हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम तेवढ्याच उंचीवर, उजवीकडे मित्रक तारा आणि त्याच्याही पुढे त्रिशंकू हा तारकासमूह. मुलगी किती वेळ गप्पच उभी होती.

तर विनंती अशी की नवे भाग येण्याआधी पुरवणीत यामागचं सायन्स सोप्या मराठीत द्या, खरं काय आणि गोष्टीपुरतं काय. एकमेकांना ओढत फिरणाऱ्या दोन गोलांचं गणित न्यूटनपासून सुटतं पण तिसरा आला की सरसकट लागू होईल असं सूत्रच मिळत नाही, हे पोरांना आत्ता गोडीने कळेल. खऱ्या मित्र ताऱ्यात दोन सूर्य साधारण 80 वर्षांत एकमेकांभोवती फिरतात आणि तिसरा खूप लांब आहे, त्यामुळे मालिकेतला गोंधळ तिथे नाही, हे पण सांगायला हवं. 2021 ला आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते, त्यांनी आयुष्यभर मराठीत हेच काम केलं, मग त्या गावातल्या पेपरात आठवड्याला अर्धं पान निघायला काय हरकत आहे?

पहिला लेख मित्र ताऱ्यावर आला तर कात्रण कापून ठेवायला मुलगी आत्ताच वही घेऊन बसलीये.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक