तक्रारीनंतरचं घर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

शाळेची जबाबदारी हाती आल्याबरोबर तू पहिला प्रश्न हा विचारलास, याचं फार बरं वाटलं. मुलानं आपल्यावर होणाऱ्या अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. त्या क्षणी सुचत नाही.

मूल बोलू लागलं की एकाच माणसानं ऐकायचं, तेही एकदाच. ‘मग काय झालं?’, ‘अजून काही सांगायचंय का?’ एवढंच विचार. ‘काकांनी केलं का?’ असं नाव आपण सुचवायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. ऐकलेलं लगेच मुलाच्याच शब्दांत लिही. मूल ‘शूची जागा’ म्हणालं असेल तर तेच लिहायचं, सुधारायचं नाही. खाली तारीख, वेळ आणि सही.

बिघडतं ते इथेच, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनानं बिघडतं. वर्गशिक्षिका विचारते, मग मुख्याध्यापिका, मग शाळा समितीचे अध्यक्ष, मग आईला बोलावून सगळ्यांसमोर पुन्हा. चार वेळा सांगताना तपशील थोडे इकडेतिकडे होतात आणि पुढे कोर्टात त्याच तफावतीवर बोट ठेवलं जातं. शाळेनं आपली चौकशी आधी आटोपायची आणि मग पोलिसांकडे जायचं, हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यात नुसती दाट शंका असली तरी कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ‘खोटं निघालं तर?’ या भीतीनं थांबू नकोस.

मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन नंबर लक्षात ठेव. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. मारहाण, उपासमार, दुर्लक्ष यांसाठी तिथूनच जिल्हा बाल संरक्षण कक्ष हलतो. लैंगिक अत्याचार असेल तर फोनवर न थांबता पोलीस ठाण्यात लेखी दे आणि नोंदीचा क्रमांक माग. मुलाला ठाण्यात न्यायची गरज नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेशाविना घ्यायचा असतो. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नये. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये दमट होऊन पुरावा खराब होतो. डॉक्टरांना तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, कळवायचं असतं. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला घरातून हलवायचं का, हे समिती तीन दिवसांत ठरवते. लोक समितीला घाबरतात, ‘मूल उचलून नेतील’ म्हणून. आईला नीट समजावून सांग की बालगृह हा कायद्यानंच शेवटचा उपाय ठरवलेला आहे. आई, आजी, मावशी यांच्यापैकी सांभाळणारं कुणी असेल तर मूल त्यांच्याकडेच राहू शकतं. समितीकडे सहायक व्यक्तीही मागायची. ती कोर्टापर्यंत मुलाच्या सोबत असते आणि पुढच्या तारखा घरच्यांना कळवते.

आता मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते. तक्रार मोडते ती बहुधा कोर्टात नाही, घरात मोडते. आरोपी बाप किंवा काका असला की कमाई थांबते, सासरचे बोलणं टाकतात, घरमालक खोली सोडायला सांगतो. मग आई म्हणते, ‘जाऊ द्या बाई, मागे घेते.’ तिला धीराइतकीच धान्याची गरज असते. म्हणून पहिल्या आठवड्यातच तीन अर्ज कर. समितीमार्फत तातडीची मदत, म्हणजे अन्न, कपडे, प्रवासखर्च. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अत्याचारपीडितांसाठीच्या आर्थिक मदतीचा अर्ज, तिथेच मोफत वकीलही मिळतो. आणि बालसंगोपन योजना, एकपालक किंवा संकटातल्या कुटुंबातल्या मुलासाठी दरमहा २२५० रुपये. आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती शाळेतच काढून ठेव, कारण घर सोडताना कागद मागे राहतात. पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही तपास. अर्ज बरेचदा तिथेच अडकतात. पैसा लगेच येईल असं धरून चालू नकोस. पहिले दोन-तीन महिने गावातच किराण्याची सोय बघावी लागते, पण ती बघताना कारण कुणाला सांगायचं नाही. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

आणि हजेरीपट रोज बघ. अशी मुलगी तीन दिवस आली नाही तर कुणाला तरी घरी पाठव. मामाच्या गावी पाठवणं, घाईनं स्थळ बघणं याच दिवसांत होतं. लग्नाची कुणकुण लागली तर गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना लेखी कळव आणि पोच घे.

तुझी,
माधुरी