निळ्या फलकामागचा वाडाही जपा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांमधून फिरताना थोर व्यक्तींच्या निवासस्थानांवर लावलेले निळे फलक दिसतात. उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु काही ठिकाणी फलक ज्या भिंतीवर आहे, ती भिंत त्या व्यक्तीने कधी पाहिलेलीच नाही, कारण मूळ वाडा पाडून तिथे नवी इमारत झाली आणि फलक तेवढा जिन्याशेजारी आला. जी घरे अजून उभी आहेत, त्यांच्या नशिबी हे येऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

थोरांचे घर म्हणजे केवळ त्यांचा पत्ता नव्हे. गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा बैठा आणि साधा आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण त्या अंगणात उभे राहून घर आणि पाणी यांतले पावलांचे अंतर पाहिले, म्हणजे हा निर्णय किती घरात शिरणारा होता ते उमगते. लोकमान्यांनी १९०५ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून घेतलेला वाडाही तसाच. माणसे जमतील, सभा भरेल, गणपती बसेल एवढे अंगण त्या वास्तूला होते आणि लोकमान्यांच्या सार्वजनिक कामाला ते उपयोगी पडले.

अशा वास्तूंची दुरुस्ती कशी होते, याची मला अधिक काळजी वाटते. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या एका दोनचौकी वाड्यात गेले. माजघराच्या भिंतीला ओल आली, तेव्हा चुन्याचा जुना गिलावा खरवडून तिथे सिमेंट लावले गेले. भिंत गुळगुळीत झाली आणि सगळ्यांना बरे वाटले. काही पावसाळ्यांनंतर कडीपाटाखालच्या, म्हणजे लाकडी छताखालच्या, तुळईचे भिंतीत गेलेले टोक बोटाने दाबले, तर त्याचा भुगा हातात आला. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि कोंडलेले पाणी विटांतून लाकडाकडे जाते. घरच्यांनी हौसेने केलेल्या दुरुस्तीनेच तो वाडा खचला. थोरांच्या घरांत हेच घडले, तर आपण कोणाला दोष देणार?

दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग १८७९ च्या आगीत गेला होता. तो लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला, म्हणूनच त्याचे कोरीव सागवानी खांब आणि सज्जा आज आपण रस्त्यावरून जाताना पाहू शकतो. त्या वेळी पुणेकरांनी जे केले, ते आज अशक्य नाही.

महापालिकेला आणि पुरातत्त्व विभागाला माझी विनंती आहे की, प्रसिद्ध व्यक्तींच्या वाड्यांना हात लावण्यापूर्वी खणाखणाची, म्हणजे दोन खांबांमधल्या प्रत्येक गाळ्याची, मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन ती नागरिकांना पाहण्यासाठी खुली ठेवावीत. गिलावा चुन्याचाच करावा, आणि चुन्याचे काम जाणणारे जे थोडे गवंडी उरले आहेत, त्यांच्या हाताखाली तरुण कारागीर तयार करावेत. फलकावर व्यक्तीच्या नावाखाली त्या घराच्या बांधणीविषयी दोन ओळी लिहिल्या, तर वाचणाऱ्याची नजर आपोआप देवडीकडे (दारालगतच्या पहाऱ्याच्या जागेकडे) आणि खांबांकडे वळेल.

शेवटचा मुद्दा लाकडाचा. पेठांत वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांचे जुने सागवान विकले जाते आणि त्याच्या टेबल-खुर्च्या होतात. महापालिकेने त्यातल्या चांगल्या तुळया व खांब विकत घेऊन एखाद्या गोदामात राखून ठेवावेत, म्हणजे उरलेल्या वाड्यांतला कुजलेला खांब बदलताना तिथे लोखंडी गर्डर घालावा लागणार नाही.

आपला,
एक वाचक, पुणे