नाणेघाटाची वाट ही नुसती वनजमीन नाही: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

नाणेघाटाच्या माथ्याजवळ सातवाहनांचे लेणे आहे. त्यातला शिलालेख अभ्यासक्रमात असतो, स्पर्धा परीक्षेत विचारला जातो. शेजारच्या जीवधनाला किल्ला म्हणून ओळख आहे. पण पायथ्याच्या वैशाखरे गावाकडून जंगलातून चढत त्या लेण्यापर्यंत जाणारी वाट, जिच्यासाठी लेणे खोदले गेले आणि जिच्या राखणीला किल्ला उभा राहिला, ती मात्र कागदावर नुसती वनजमीन आहे. ही वाट स्वतःच एक ऐतिहासिक वास्तू आहे आणि आपल्या खात्याने तिला तसे मानावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जुन्नर ही सातवाहनांच्या काळातली मोठी बाजारपेठ. कल्याण आणि सोपारा ही बंदरे. या दोहोंमध्ये सह्याद्रीची भिंत. ती जिथे पार करता येते, नेमक्या त्या जागी राणी नागनिकेने आपला लेख कोरवला. अश्वमेध आणि राजसूय यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी, हे सगळे त्यात आकड्यांसह आहे. भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी, स्वतः नागनिका अशा राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राजघराण्याने आपली ओळख राजवाड्यात न ठेवता रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या नजरेसमोर मांडली. मला या घाटाचे सर्वांत मोठे अप्रूप वाटते ते याचेच. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरा सांगते. चावंड, हडसर, जीवधन, शिवनेरी हे सगळे किल्ले याच वाटेभोवती आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. देशावर गाडी चालायची. घाटात मात्र माल बैलाच्या पाठीवर यायचा. म्हणून नाणेघाटाची चढण बैलाच्या पावलाला सोसेल अशी बांधलेली आहे. दगड बसवून केलेली फरसबंदी, कातळात खोदलेल्या पायऱ्या, वाटसरूंसाठी पाण्याची टाकी आणि शेवटी दोन कड्यांमधली ती अरुंद नळी. १८३०मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि व्यापार तिकडे वळत गेला. पुढे शेजारच्या माळशेज घाटातून मोटाररस्ता आला. नाणेघाट मागे पडला, म्हणूनच त्याचा जुना बांधा टिकून राहिला.

तो आता ढासळतो आहे. कारण साधे आहे: पाणी. वाटेच्या कडेने पाणी वाहून जायच्या जागा पालापाचोळ्याने आणि मातीने बुजल्या की पावसाचा लोंढा वाटेवरूनच धावतो. आधी दगडांखालची माती जाते, मग दगड सुटतात. त्यात चालणारे लोक वळणे टाळून सरळ चढतात आणि तिथे नवी घळ पडते. पावसाळ्यात माथ्यावर उलटा धबधबा, म्हणजे वाऱ्याने वर उडणारे पाणी, पाहायला गाड्यांची रांग लागते. त्यातले फार थोडे लोक खालची वाट पाहतात. गर्दीचा सगळा विचार त्या वाहनतळाभोवती होतो, वाट विस्मरणातच राहते.

कायद्यातही हीच उणीव आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २५ नुसार, पर्यायी वाट उपलब्ध असेल तर राखीव वनातली सार्वजनिक वाट शासनाच्या मंजुरीने बंद करता येते. म्हणजे वाट बंद कशी करायची हे कायद्याने सांगितले. जुनी वाट जपायची कशी, याचा विचार त्यात नाही. पुरातत्त्वाचे संरक्षण लेण्याभोवतीच्या ठरावीक अंतरापुरते. काही किलोमीटरची वाट या दोहोंच्या मधून निसटते. २०२५मध्ये शिवनेरीसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याचा आनंद मलाही झाला. पण किल्ला घाटाच्या राखणीसाठी असतो. ज्यावर पहारा ठेवायचा ती वाटच गेली तर तो किल्ला तिथे का, हे पुढच्या पिढीला कसे कळणार?

आपल्या खात्यात दर वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलातल्या कामांचा आराखडा, तयार होते. तिच्यात जुन्या घाटवाटांसाठी वेगळे प्रकरण असावे आणि सुरुवात नाणेघाटापासून व्हावी. वाटेची पूर्ण मोजणी होऊन ती नकाशावर रेषा म्हणून उमटावी. पायथा ठाणे जिल्ह्यात आणि माथा पुणे जिल्ह्यात असल्याने जबाबदारी अर्ध्यात तुटू नये, यासाठी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची एकच समिती हवी.

दुरुस्तीबद्दल एक कळकळीची विनंती. कृपा करून सिमेंटच्या पायऱ्या, रंगीत फरश्या आणि लोखंडी कठडे नकोत. सिमेंटखाली पाणी अडते आणि शेजारचे दगड उखडते. निखळलेला दगड परत त्याच जागी सुका, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय, बसवता येतो. हे काम माथ्याजवळच्या घाटघर गावातल्या महादेव कोळी कुटुंबांना आणि पायथ्याच्या वाड्यांतल्या लोकांना द्यावे, रोजगार हमीतून देता आले तर उत्तमच. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपला नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार दिलेलाच आहे. वाटाडे, जेवण, मुक्काम यांचे उत्पन्नही गावातच राहावे. धोक्याच्या दिवसांत वाट जरूर बंद ठेवावी, पण सरसकट बंदीपेक्षा रोजची संख्या ठरवून सोबत गावचा वाटाड्या देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, आपण स्वतः पाहणीला यावे. गाडीने माथ्यावर न येता वैशाखऱ्याकडून चालत चढावे आणि दोन्ही जिल्ह्यांचे वनाधिकारी सोबत असावेत. पाण्याने वाट कुठे फोडली आहे ते तेव्हाच ताजे दिसते; कामाची यादी तिथेच करता येईल आणि पुढच्या पावसाआधी सात महिने हाती राहतील.

आपला नम्र,
सह्याद्रीत भटकणारा एक कल्याणकर