आठव्यातलं बाळ

ती. आई-बाबांना सा. न.

आई, फोनवर तू गप्प होतीस, पण तुझ्या मनात काय चाललंय ते कळलं मला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, हेच ना? आजीपासून ऐकत आलोय आपण. ते साफ खोटं आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी फुप्फुसं तयार. आपली चिमी बत्तीस आठवडे पुरे करून आलीय.

जन्मल्यावर रडली, पण मग कण्हायला लागली. श्वास मिनिटाला ६० च्या वर, नाकपुड्या फुललेल्या, दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे ठेवायला सरफॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो आणि एवढ्या लवकर आलेल्या बाळात तो पुरेसा नसतो. मग श्वास सोडला की फुगे मिटून चिकटतात. बाबा, १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं बाळ याच आजाराने दोन दिवसांत गेलं. तेव्हा यावर औषधच नव्हतं. आता सरफॅक्टंटच बारीक नळीने थेट श्वासनलिकेत सोडतात. चिमीलाही दिलं. ते गाईच्या नाहीतर डुकराच्या फुप्फुसातून काढतात, हे मात्र आत्याला सांगू नका!

व्हेंटिलेटर नाही, सीपॅप लावलाय. नाकात दोन इवल्या नळ्या, त्यातून सतत हलक्या दाबाची हवा. श्वास तिचा तीच घेते. बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेलं असतं. जितकं खोल, तितका दाब. त्यातून बुडबुड बुडबुड चालू असते. ती थांबली की सिस्टर आधी नाकातली नळी सरकलीय का ते बघतात. आता मीही तेच बघते.

बाबा, ऑक्सिजन वाढवायला सांग म्हणालात, पण तो मोजूनच देतात. जास्त झाला तर अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो. म्हणून मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतात. शंभर दिसला की मला बरं वाटायचं, सिस्टर मात्र लगेच ऑक्सिजन कमी करायच्या.

आता कण्हणं थांबलंय. माझा चीक नळीने पोटात जातोय.

आई, डिंकाचे लाडू कर, पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नको, ओव्याची धुरी तर मुळीच नको. आणि बाबा, विडी अंगणातही नको. आम्ही यायच्या आधीच सोडा.

तुमची,
ताई