आमच्या ६४० युनिटचे पैसे कुठे आहेत? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : घराच्या छतावर तयार केलेल्या सौर विजेचा मोबदला न मिळणे.

महोदय,
सादर नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’खाली आम्ही आमच्या स्लॅबवर ३ किलोवॅटचे सौर संच बसवले. संपूर्ण वर्षात आम्ही वापरून उरलेली जी वीज वितरण कंपनीच्या तारांमध्ये सोडली, तिची ६४० युनिट मार्चअखेर आमच्या खात्यावर जमा होती. मार्चच्या बिलात हा आकडा स्वच्छ छापलेला आहे. एप्रिलच्या बिलात त्याच रकान्यात शून्य आहे, आणि त्या ६४० युनिटच्या बदल्यात रुपया जमा झाल्याची एकही ओळ बिलावर कुठे नाही.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेली युनिट वितरण कंपनीने विकत घ्यायची असतात. युनिट शून्यावर आणण्याचे निम्मे काम कंपनीने ३१ मार्चच्या रात्री वेळेवर केले. उरलेले निम्मे, म्हणजे पैसे जमा करण्याचे काम, जून निम्मा सरला तरी झालेले नाही. उपविभाग कार्यालयात विचारले तर ‘ते सिस्टिममधून आपोआप होते’ असे उत्तर मिळते, आणि मग आमचे का झाले नाही, असे विचारले तर वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवले जाते. वरच्या कार्यालयातून पुन्हा उपविभागाकडे पाठवले जाते. लेखी अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र नाही.

आता यात माझे नेमके काय गेले, ते सांगते. माझ्या यजमानांची फेब्रुवारीत बायपास झाली. उन्हाळ्यात त्यांना उकाडा सोसवत नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात एसी आला आणि तो रात्रभर चालला. आमची अटकळ अशी होती की हिवाळ्यात पंखेसुद्धा बंद असताना जी वीज आम्ही साठवली आहे, तीच या दिवसांत कामाला येईल. परंतु वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर बंद होतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जमवलेली युनिट नेमकी गरजेच्या दोन महिन्यांच्या आधी पुसली जातात. मे महिन्यात आम्हाला निव्वळ १९० युनिटचे, दोन हजारांच्या पुढचे बिल आले. ती ६४० युनिट खात्यावर राहिली असती, तर आम्हाला केवळ स्थिर आकार भरावा लागला असता.

या दोन्ही बाजूंचे दर आपण शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. आयोगाने २०२४-२५ साठी मंजूर केलेल्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात युनिटमागे १० रुपये २९ पैसे द्यावे लागत होते, त्यावर १ रुपया १७ पैसे वहन आकार (तारांतून वीज आणून देण्याचा), आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे एक युनिट १३ रुपयांच्या वर जात होते. आमच्या गल्लीत ज्यांनी आमच्या आधी संच बसवले, त्यांच्या बिलावर वर्षअखेरच्या खरेदीचा दर तीन रुपयांच्याही आत दिसतो. माझ्या छतावरून दुपारी निघालेली वीज रोहित्रापर्यंतही जात नाही, शेजारच्या घरातल्या फ्रिजला आणि मोटारीला लागते, आणि कंपनी शेजाऱ्याकडून तिचे पूर्ण दराने पैसे घेते. तारा, रोहित्रे, कर्मचारी यांचा खर्च कंपनीला आहे, हे मला मान्य आहे. पण तीन आणि तेरा यांच्यामधले सगळे अंतर त्या खर्चाचे आहे, हे मला कोणी कागदावर मांडून दाखवावे.

आणि ते तीन रुपयेसुद्धा मिळालेले नाहीत, म्हणून तर हे पत्र.

मेचे बिल मी वादग्रस्त म्हणून मुदतीत भरले नाही. त्यावर लगेच सव्वा टक्का विलंब आकार लागला आणि वीजपुरवठा खंडित करण्याची सूचना मोबाईलवर आली. घरात नुकतेच छातीचे ऑपरेशन झालेला माणूस असताना मी तो धोका पत्करू शकत नव्हते, म्हणून पैसे भरून टाकले. माझ्याकडून दहा दिवस उशीर झाला तर त्याची किंमत ठरलेली आहे, टक्केवारी ठरलेली आहे, आणि ती वसूल करणारी यंत्रणा एक दिवस चुकत नाही. कंपनीकडून अडीच महिने उशीर झाला तर त्याची टक्केवारी कोणत्या दरपत्रकात आहे? केंद्र सरकारने २०२२ मध्ये वीजनिर्मिती कंपन्यांची थकबाकी वेळेत मिळावी आणि उशीर झाल्यास त्यांना अधिभार मिळावा यासाठी स्वतंत्र नियम केले. मोठ्या निर्मात्याच्या पैशाला नियमांचे कुंपण आहे. माझ्या छतावरही वीजनिर्मितीच होते, मग माझ्या पैशाला ते कुंपण का नाही?

संच बसवताना आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली होती, की उरलेली वीज सरकार विकत घेईल. योजनेच्या जाहिरातीही तेच सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान मिळते, ते आम्हालाही मिळाले, आणि ते वेळेत मिळाले हेही मी नोंदवते. परंतु संचाच्या किमतीतले उरलेले पैसे आमचे आहेत. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि बँकेच्या कर्जातून ते उभे राहिले, आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या निवृत्तिवेतनातून कापला जातो. ज्या कागदावर बँकेने मला कर्ज दिले, त्या कागदावर वीज विक्रीचा लाभ धरलेला होता.

आणखी एक नुकसान आहे, ज्याची कोणत्याच बिलात नोंद होत नाही. आमचा संच ऑन-ग्रिड, म्हणजे कंपनीच्या तारांना जोडलेला आहे. बाहेरची वीज गेली की लाईनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हे योग्यच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु याचा अर्थ असा होतो की भर उन्हात, पॅनेल पूर्ण क्षमतेने चालत असताना, फीडर (आमच्या भागाला वीज आणणारी वाहिनी) बंद असेल तर आमच्या घरात पंखाही फिरत नाही आणि त्या काळातली सगळी निर्मिती वाया जाते. चांगल्या उन्हाच्या दिवशी ३ किलोवॅटचा संच साधारण १२ युनिट देतो, आणि त्यातली मोठी वाटणी सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतली असते. देखभाल-दुरुस्तीचा बंद नेमका याच वेळेत घेतला जातो. यंदा एप्रिलमध्ये तो सतत घेतला गेला, आणि मे महिन्यात अवकाळी पावसाने झाडे पडून जे दिवस अंधारात गेले ते वेगळेच.

वीज असतानाही सुटका नाही. आमच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, आता अनेक घरांचे संच जोडलेले आहेत. दुपारी सगळ्यांची वीज एकदम लाईनवर येते, घराघरातला वापर कमी असतो, आणि व्होल्टेज चढत जाते. इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर मी स्वतः २६० च्या वरचे आकडे पाहिले आहेत. हिरवा दिवा जाऊन लाल लागतो, ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असे अक्षर उमटते, यंत्र बंद पडते, काही मिनिटांनी पुन्हा जोडले जाते आणि पुन्हा तुटते. पहाटे ऊन चढण्यापूर्वी, काच थंड असताना, मी या वयात जिना चढून पाईपने पॅनेल धुते, मॉपने पुसते, कारण द्राक्षबागांच्या फवारणीचा आणि रस्त्याच्या धुळीचा थर आठवड्यात बसतो. दुपारी तो लाल दिवा पाहिला की जीव तुटतो. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती स्पष्ट सांगते की पाच किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचांसाठी वितरण व्यवस्थेचे बळकटीकरण कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायचे आहे. आमच्या डीपीचे बळकटीकरण कोणाच्या यादीत आहे, हे विचारले की लाईनमन बिचारा हसतो. त्याच्याकडे फ्यूज बदलायला तारही पुरेशी नसते, त्याला मी काय बोलू?

त्याच दुरुस्तीत असेही आहे की मीटरच्या वाचनाबद्दल ग्राहकाने तक्रार केली तर पाच दिवसांत तपासणीसाठी दुसरा मीटर बसवावा. नियम कागदावर चांगले आहेत. ते पाळले नाहीत तर न पाळणाऱ्याला काय होते, एवढेच मला दिसत नाही. तक्रार निवारण मंच आहे, त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत, ते मुंबईत आणि नागपुरात. ज्या रकमेसाठी मला भांडायचे आहे ती दोन हजारांच्या आतली आहे. तासगावहून त्यासाठी कोण आणि किती वेळा जाणार? माझी रक्कम लहान आहे म्हणूनच ती बुडवणे सोपे आहे, आणि अशा लहान रकमा हजारो घरांच्या मिळून एक मोठी रक्कम होते, जी आज कंपनीच्या तिजोरीत बिनव्याजी पडून आहे.

याउलट मोठ्यांची धाव कशी असते, तेही आम्ही यंदा पाहिले. आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी वीजदरांचा बहुवार्षिक आदेश दिला. वितरण कंपनीने हरकत घेतली आणि २ एप्रिलला त्याच आदेशाला स्थगिती मिळाली. पाच दिवस. माझ्या एका पानाच्या अर्जाला आजवर आवक क्रमांकाखेरीज काही मिळालेले नाही. याच दरप्रक्रियेत सौर तासांत, म्हणजे सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत तयार झालेली वीज त्याच तासांतल्या वापरापुरतीच वळती (बिलातून वजा) करण्याचा प्रस्ताव आला होता. घरगुती ग्राहक आक्रोश करून उठले, कारण निवृत्त आणि नोकरदार अशा दोन्ही घरांचा खरा वापर दिवस मावळल्यावर सुरू होतो. दिवसाची वीज रात्री वळती होणार नसेल तर आमच्यासारख्यांनी संच कशासाठी बसवायचे? संच बसवल्यानंतर वर्षभरातच नियम बदलण्याची भाषा सुरू होत असेल, तर २५ वर्षे टिकणाऱ्या पॅनेलवर कर्ज काढणाऱ्याने कोणाच्या भरवशावर काढायचे? जर्मनीने २००० साली कायदा करून छोट्या निर्मात्याला २० वर्षांचा दर बांधून दिला, म्हणून तिथल्या सामान्य माणसाने छतावर पैसा लावला. आपल्याकडे माणसाला छतावर पैसा लावायला आधी सांगितले जाते आणि दर नंतर ठरतो.

महोदय, आपण राज्याचे मुख्यमंत्री आहात आणि ऊर्जा खातेही आपल्याकडेच आहे. त्यामुळे हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे, असे उत्तर आम्हाला मिळणार नाही, असे मी धरून चालते. ज्या ज्या घरगुती ग्राहकांची युनिट ३१ मार्चला शून्य झाली, त्या सर्वांची यादी वितरण कंपन्यांकडून मागवावी आणि मोबदला कोणाला मिळाला व कोणाला नाही, हे उपविभागवार जाहीर करावे. थकलेल्या रकमेवर, आमच्याकडून घेतला जातो त्याच दराने, सव्वा टक्का आकार आम्हाला द्यावा. वर्षअखेरचा हिशेब मार्चऐवजी पावसाळ्याच्या अखेरीस करण्याचा प्रस्ताव शासनाने आयोगापुढे मांडावा, म्हणजे हिवाळ्यात साठवलेली वीज ज्याची त्याला उन्हाळ्यात वापरता येईल. आणि दुपारच्या वेळी फीडर बंद ठेवायचाच असेल, तर किमान ज्या डीपीवर सौर संच आहेत तिथे तो सकाळी लवकर घ्यावा, यासाठी तर आयोगाच्या परवानगीचीही गरज नाही.

आमच्या शेजारच्या दोन घरांनी या योजनेसाठी अर्ज भरले होते. आमचे एप्रिलचे बिल पाहिल्यावर त्यांनी पुढची रक्कम भरणे थांबवले आहे, आणि मी त्यांना भरा असे सांगू शकलेले नाही. माझे पैसे जमा झाल्याचे बिल हातात आले की मी ते स्वतः त्यांच्याकडे घेऊन जाईन.

आपली विश्वासू,
एक घरगुती सौर वीजग्राहक, निवृत्त शिक्षिका
तालुका तासगाव, जिल्हा सांगली
२० जून २०२५