खिळा उपसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा बाईकवरनं चोर्लाघाटाच्या रस्त्यानं जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालो, पाऊस चालूच, आणि मागचं चाक एकदम डुलायला लागलं. खाली बघतोय तर टायरात खिळा, आणि मी शहाणा, लगेच पकडीनं उपसून टाकला! टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, खिळा होता तोवर हवा जरा तरी टिकून होती, काढल्यावर फुस्स करून सगळी गेली. खिळा ठेवून पंप मारत मारत दुकान गाठता आलं असतं की, पण हे तेव्हा कुठं सुचतं, मग बसलो जंगलात गाडी ढकलत.

शेवटी एक टेम्पोवाले मामा भेटले, त्यांनी भोकात कानस फिरवून चिकट दोरी अशी दाबून घातली, वर उरलेलं टोक ब्लेडनं कापलं, थुंकी लावून बुडबुडा येतोय का बघितलं, दहा मिनिटांत गाडी तयार. पैसे घेतले नाहीत, वर शिव्या मात्र दिल्या.

स्पोकच्या चाकात बहुतेक ट्यूबच असते, तिथं ही दोरी चालत नाही, चाक खोलून पॅचच मारायला लागतो. चोर्लाघाटानं गोव्याला जाणाऱ्या पोरांनी डिकीत दोरीचं किट आणि छोटा पंप टाकावा, आणि त्या रस्त्यावर पंक्चरची दुकानं कुठं हायत त्याचे बोर्ड मराठी-कन्नड दोन्हीत लागले तर लई बरं.

— एक बाईकवाला, खानापूर