पायावरची निळी फुली

आयसीयूतल्या रात्रपाळीच्या सिस्टरना,
सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती. तुमचं नावही विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

आमची चिमी नऊ वर्षांची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी डोकं धरून मटकन खाली बसली, भडभडून उलट्या झाल्या. पहिल्या दवाखान्यात पित्ताचं औषध मिळालं. रात्री मान ताठ झाली, तेव्हा सीटी स्कॅन काढला. मेंदूच्या मागच्या भागातल्या धमनीला आलेल्या फुग्यातून रक्तस्राव झाला होता. लहान मुलांत हे फार क्वचित होतं म्हणे. ऐकून काडीचाही धीर आला नाही.

कवटी उघडून क्लिप लावायची की जांघेतून नळी घालून कॉइल भरायची, हे डॉक्टरांनी समजावलं. फुगा खोलवर होता, म्हणून कॉइल ठरली. मी नुसती मान हलवत होते. खरं कळलं ते त्या रात्री, तुम्ही सलाइनच्या रिकाम्या नळीत दोरा सरकवून दाखवलात तेव्हा. जांघेतून मानेपर्यंत एक नळी, तिच्यातून आणखी बारीक नळी मेंदूत, आणि तिच्यातून केसासारखी प्लॅटिनमची तार. फुग्यात शिरली की तिची आपोआप गुंडाळी होते, आतलं रक्त गोठतं आणि फुग्यात नवं रक्त शिरत नाही. "तार परत काढणार?" चिमीने विचारलं. "नाही गं, ती तुझीच."

गुग्लिएल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये अशी कॉइल पहिल्यांदा पेशंटला बसवली, हे मी नंतर वाचलं. त्यांनाही माझा नमस्कार.

कॉइल बसली, पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्यानंतरची रात्र. पाय सरळ ठेवायचा होता आणि गुंगीत ती सारखी गुडघा दुमडत होती. तुम्ही तिच्या पावलावर नाडी शोधलीत आणि सापडली तिथे निळ्या पेनाने फुली मारलीत. दर थोड्या वेळाने त्या फुलीवर बोट, जांघेतल्या पट्टीवर नजर, डोळ्यांत टॉर्च. आणि पाढे! तेरा साते ब्याण्णव म्हणाली, तर तुम्ही पुन्हा म्हणायला लावलंत. मला वाटलं, पोरीला गुंतवून ठेवताय. रक्तस्रावानंतरच्या दोन आठवड्यांत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात आणि बोलण्यातला बारीकसा फरकही आधी टिपावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही रोज रात्री ते टिपत होतात, आणि मी मात्र खुर्चीत डोळे मिटत होते.

सहा महिन्यांची तपासणी झाली. फुगा बंदच आहे. अजून काही वर्षं तपासण्या चालू राहतील, आम्ही एकही चुकवणार नाही.

घरी आल्यावर चिमीने आठवडाभर त्या पायाला साबण लावू दिला नाही. फुली पुसट झाली, तेव्हा तिने स्वतःच पेन घेऊन ती पुन्हा गिरवली.

तुमची,
चिमीची आई